काखेतल्या गळवाची पावणेदोनशे वर्षं

काखेत गळू आलं की आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकडची जुनी माणसं काखमांजरी झाली म्हणतात. कांदा भाजून बांधायचा, हळदीचा लेप द्यायचा, 'उष्णता झालीय, तिखट बंद कर' म्हणायचं. चार-आठ दिवसांत गळू फुटतं, पू जातो आणि बहुतेकांचं दुखणं तिथंच संपतं. ज्यांचं संपत नाही, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे. अशा माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा त्याच काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा बसायच्या जागी गाठ येते. ती फुटते, आतल्या आत उंदराच्या बिळासारखी वाट काढते आणि भलत्याच तोंडातून वाहू लागते. या आजाराचं नाव हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा, डॉक्टरांच्या बोलण्यात एचएस. पहिली गाठ आल्यापासून हे नाव कानावर पडेपर्यंत सात ते दहा वर्षं सहज जातात, आणि ही गत युरोप-अमेरिकेतसुद्धा आहे.

आजार नवा नाही. आत नळीसारख्या वाटा करून वाहणाऱ्या जखमांना सुश्रुतसंहितेत नाडीव्रण म्हटलं आहे. आधुनिक वैद्यकात 1839 साली पॅरिसचे शल्यचिकित्सक वेल्पो यांनी काख, छाती आणि गुदद्वाराजवळच्या अशा गळवांचं वर्णन केलं. मग 1854 मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक व्हेर्नोय यांनी सगळा दोष घामाच्या ग्रंथींवर टाकला. हे निदान चुकलं होतं, पण शंभराहून अधिक वर्षं ते पाठ्यपुस्तकांत टिकलं. घाम म्हटलं की पुढचा शब्द अस्वच्छता! दोन वेळा अंघोळ करणाऱ्या बाईला 'जरा स्वच्छ राहत जा' असं सांगणाऱ्यांच्या मागे हीच समजूत उभी होती. मला विचाराल तर या आजाराच्या इतिहासातला सर्वांत क्रूर भाग हाच.

खरं मूळ केसाच्या मुळाशी निघालं. केसाच्या कूपाचं तोंड बुजतं, कूप आत फुगतो, त्वचेखाली फुटतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर प्रमाणाबाहेर तुटून पडते. म्हणजे हा संसर्ग नव्हे. एकाच अंथरुणावर झोपल्याने, एक टॉवेल वापरल्याने तो नवऱ्याला किंवा लेकरांना होत नाही. घराण्यात मात्र असू शकतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या नात्यात आणखी कुणाला तरी तो असतो, आणि 2010 मध्ये चिनी कुटुंबांच्या अभ्यासातून त्यामागची काही जनुकं सापडली. त्याआधी 1989 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ हर्ली यांनी आजाराच्या तीन पायऱ्या ठरवल्या होत्या. पहिलीत सुट्या गाठी, दुसरीत पुन्हापुन्हा येणाऱ्या गाठी आणि त्यांच्या वाटा व वण, तिसरीत सगळी काखच या वाटांनी पोखरलेली. डॉक्टर आजही याच पायऱ्या मोजतात.

आपल्या भागाचं काय? उमरी हैदराबाद संस्थानात होती तोवर मोठं दुखणं म्हणजे हैदराबादचं उस्मानिया रुग्णालय. औरंगाबादला 1956 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि नांदेडला थेट 1988 मध्ये. ते पुढे विष्णुपुरीला गेलं. तोवर आणि त्यानंतरही गळवाचा रस्ता ठरलेला होता: चीर द्या, पू काढा, अँटिबायोटिक द्या. चीर दिली की ठणका थांबतो, यात शंका नाही, पण त्याच जागी गाठ पुन्हा येते. दुसरी गल्लत टीबीची. वाहणारी जुनाट गाठ दिसली की आपल्याकडे टीबीची शंका येते आणि ती तपासलीच पाहिजे. पण टीबीवरचं रिफाम्पिसिन एचएसमध्येही क्लिंडामायसिनच्या जोडीनं, साधारण दहा आठवडे, देतात. त्यामुळे टीबीच्या गोळ्यांवर एचएसच्या रुग्णालाही थोडं बरं वाटू शकतं, निदान बरोबर होतं असा सगळ्यांचा समज होतो आणि कोर्स संपला की गाठी परत येतात.

मोठा बदल 2015 मध्ये झाला. ॲडालिमुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत एचएससाठी मंजुरी मिळाली. दोन मोठ्या चाचण्यांत बारा आठवड्यांनी गाठी निम्म्यावर आलेले रुग्ण एकीत सुमारे 42 टक्के आणि दुसरीत 59 टक्के होते. औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांत हेच प्रमाण 26 ते 28 टक्के. चमत्कार नव्हे, पण पावणेदोनशे वर्षांत एवढंही नव्हतं. त्याच्या आदल्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं याच औषधाची पहिली प्रतिकृती भारतात आणली, मूळ किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात. पुढे 2023 मध्ये सेक्युकिनुमॅब आणि 2024 मध्ये बिमेकिझुमॅब ही इंजेक्शनंही एचएससाठी आली. तरी दर आठवड्याचं इंजेक्शन कापूस वेचणाऱ्या घराला स्वस्तातही परवडत नाही, आणि ॲडालिमुमॅबआधी लपलेला टीबी शोधावाच लागतो, नाहीतर तो उसळतो.

म्हणून लवकर गाठणं महत्त्वाचं. पहिल्या पायरीवर क्लिंडामायसिनचं लोशन आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या पुष्कळांना पुरतात. बिडी-सिगारेट सोडणं, वजन उतरवणं, सैल सुती कपडे, काखेत वस्तरा न फिरवणं, गाठ न पिळणं, हे बिनपैशाचे उपाय आहेत. मेडिकलमधून मनानेच आणलेल्या खाजेच्या ट्यूबनं मात्र काही होत नाही. वाट तयार झालीच असेल तर जागा बधिर करून तिचं छत कापून ती उघडी करतात. नुसती चीर देण्यापेक्षा ते कितीतरी टिकतं. सोबत साखर तपासावी, सांधे दुखतात का सांगावं आणि मन खचलं असेल तर तेही बोलावं. बसायच्या जागची वर्षानुवर्षं वाहणारी जखम तर अंगावर काढूच नये, कारण क्वचित तिथे कॅन्सर होतो.

तरीही बायका हे दुखणं झाकतात. पोलक्याला डाग पडला की लग्नाकार्याला जात नाहीत. तरण्या पोरीच्या आया डॉक्टरकडे जायचं लग्नानंतरवर ढकलतात. जांघेतलं दाखवायला पुरुषही तितकेच लाजतात.

सहा महिन्यांत काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली अशी गाठ दोनदा आली, तर तिसऱ्यांदा नुसती चीर देऊन घेऊ नका. गाडीनं नांदेड गाठा, विष्णुपुरीच्या त्वचारोग विभागात दाखवा आणि 'हा एचएस आहे का?' असं सरळ विचारा. गाठ आलेली असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुम्ही पोहोचाल त्या दिवशी ती सुकलेली असू शकते.