उत्तरभागाची नोकरभरती

लोणखेडा-शहाद्याकडचा विज्ञान पदवीधर शाळा, बँक किंवा साखर कारखाना यांपलीकडे नोकरीचा विचार सहसा करीत नाही. चित्रपटसृष्टीही त्याचा विचार करीत नाही, आणि आमची तक्रार तीच आहे.

'कोई मिल गया' (२००३) या चित्रपटाचे 'क्रिश' (२००६) व 'क्रिश ३' (२०१३) हे उत्तरभाग कसे सिद्ध झाले ते पाहावे. राकेश रोशन यांनी हनी इराणी, रॉबिन भट्ट ही लेखकमंडळी पुन्हा जमविली. पहिल्या दोन्ही चित्रपटांतील दृश्यचमत्कारांसाठी मार्क कोल्बे व क्रेग मम्मा हे परदेशी तंत्रज्ञ आणले. तिसऱ्याचे काम मुंबईच्याच रेड चिलीजने केले. दहा वर्षांत हात स्वदेशी झाले, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. कथेतले विज्ञान मात्र जादूच्या कांडीपुढे सरकले नाही. संगणकाची कळ दाबली की परग्रहवासी दारात हजर!

वास्तविक मराठीत अशा कल्पनाशक्तीची वाण नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने बक्षीस मिळविणारे लेखक म्हणजे जयंत नारळीकर. कथेचा आराखडा ठरतानाच भौतिकशास्त्राच्या एका पदवीधराला बैठकीत खुर्ची द्यावयास निर्मात्यास असा कितीसा खर्च येणार? नायकाच्या एका उड्डाणाहून खचित कमी.