हजार किलोंचा गारवा

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या गावठाणात मातीच्या छताचे, म्हणजे माळवदाचे, एखादे घर अजून धड उभे असेल, तर देशाच्या ऊर्जा संहितेने छतासाठी ठेवलेली परीक्षा ते सहज पास होईल. शेजारचे आरसीसी स्लॅबचे घर नापास होईल, तेही सपाटून. पत्र्याच्या घराचे तर विचारूच नका.

यावरून 'जुने ते सोने' म्हणायची घाई करू नये. याच माळवदांखाली ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर-उस्मानाबादची माणसे झोपेतच गाडली गेली. माळवद गार का राहते आणि ते जीवघेणे का ठरले, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: वजन. मराठवाड्यात घरबांधणीचे नियम लिहायचे असतील, तर हा गुंता आधी सोडवावा लागतो.

परीक्षा कोणती, ते आधी पाहू. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' आणली. व्यापारी इमारतींसाठी २००७ पासून संहिता होती, घरांसाठी ही पहिली. तिचा पहिला भाग फक्त घराच्या कवचाचा म्हणजे भिंती, छत आणि खिडक्यांचा विचार करतो. छताची अट एका आकड्यात आहे. छताच्या वर आणि खाली एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता आत येते, त्याला यू-मूल्य म्हणतात. संहिता म्हणते, ते १.२ पेक्षा जास्त नको.

आता हिशोब करू. सुमारे पाच इंचांचा नुसता काँक्रीट स्लॅब घेतला, तर त्याचे यू-मूल्य साडेतीनच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या जवळपास तिप्पट. पत्र्याचे पाचच्या घरात. दोन फूट मातीच्या माळवदाचे? एकच्या आसपास, माती भुसभुशीत असेल तर त्याहून कमी.

हे आकडे खोलीत काय करतात ते बघा. मे महिन्यात बाहेर ४१ अंश असताना करड्या स्लॅबचा माथा उन्हाने ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. खाली ३२ अंशांची खोली हवी असेल, तर दहा बाय दहाच्या छतातून साधारण एक हजार वॉट उष्णता आत उतरू पाहते. भर उन्हाळ्यात डोक्यावर एक किलोवॉटचा हीटर टांगावा, तसे हे झाले. पंखा तीच गरम हवा फिरवतो. तेच छत १.२ च्या मर्यादेत आणले, तर हजाराचे पावणेचारशे वॉट होतात.

त्यात वेळेचाही खेळ आहे. उष्णता काँक्रीटमधून रमतगमत उतरते. एवढ्या जाडीला तीन-चार तास लागतात. दुपारी दोनला तापलेला माथा संध्याकाळी सहाला आतून तापवायला लागतो, आणि बाहेर वारा सुटला तरी स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगतो. दोन फूट मातीचे तसे होत नाही. दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार मातीत दर चार-पाच इंचांना साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दोन फूट खाली तो जवळजवळ शून्य होतो. माळवदाच्या खालच्या फळीला दुपार झाल्याचा पत्ताच लागत नाही.

संहितेतला गाजलेला आकडा मात्र छताचा नाही, भिंतींचा आहे. भिंती आणि खिडक्यांतून येणारी सरासरी उष्णता चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा जास्त नको, अशी ती अट. पुण्या-मुंबईच्या दहा मजली इमारतीला ते बरोबरच आहे. तिथे छताचा त्रास फक्त सर्वांत वरच्या मजल्याला. शिरूर अनंतपाळात बहुतेक घरे तळमजल्याची, म्हणजे प्रत्येक घर सर्वांत वरच्या मजल्यावरच राहते. शिवाय हा भाग अठरा अक्षांशाच्या थोडा वर आहे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा छतावर. इथे नियम करायचा तर सुरुवात छतापासून करायला हवी.

पण माळवदाकडे परत जायची सोय नाही. का, ते त्याच्या बांधणीत दिसते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचांची दाटी, मग पाला आणि वर पांढरी माती. छत गळू नये म्हणून मिरगाच्या आधी पांढरीचा नवा थर चढवायचा. जुनी माती मात्र कोणी काढत नसे. आजोबांच्या काळी फूटभर असलेला थर नातवाच्या काळात दोन फूट व्हायचा. दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला साडेनऊशे-हजार किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ टन. खाली मातीत रचलेल्या दगडांच्या दुपाखी भिंती: बाहेरचा दर्शनी दगड वेगळा, आतला वेगळा, मधे खडी-मातीची भर, आणि दोन पाखांना शिवणारा आडवा दगड क्वचितच.

१९९३ चा भूकंप मापनात ६.२ ते ६.४ च्या दरम्यान होता. जगाच्या हिशेबात मध्यम. तरी सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसे गेली. काही नोंदी त्याहून मोठ्या आहेत. पाखे सुटले, भिंती फुगून फुटल्या आणि वरची माती खाली आली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो पट्टाच रद्द झाला आणि भूकंपाचे केंद्र असलेला किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसली. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या पुनर्वसनात इतर गावांतल्या लाखाच्या पटीतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. भूकंपापुरता धडा पक्का गिरवला गेला. उष्णतेचा प्रश्न त्या कागदांत जवळपास नव्हताच, आणि त्या धक्क्यानंतर तो कोणी विचारला नसता हेही समजण्यासारखे आहे. माती उतरली, स्लॅब आणि पत्रे चढले. एका चौरस मीटरवरचे वजन हजार किलोंवरून स्लॅबला तीनशेवर आले, पत्र्याला नगण्य झाले, आणि वजनाबरोबर गारवाही गेला. आता उन्हाळ्यात पत्र्यावर तुराट्या नाहीतर कडबा पसरून वर दगड ठेवलेली घरे दिसतात. उपाय शास्त्राला धरून आहे. एक ठिणगी पडली तर काय, एवढाच प्रश्न उरतो.

सुटकेची वाट भौतिकशास्त्रातच आहे. उष्णता अडवायला वजन लागतेच असे नाही. साचलेली हवासुद्धा ती अडवते. स्लॅबचे यू-मूल्य साडेतीनवरून १.२ वर आणायला मातीचा जवळपास दीड फुटाचा थर लागेल. तेच काम थर्माकोलचा दोन सेंटिमीटरचा थर करतो. त्याचे वजन चौरस मीटरला अर्ध्या किलोच्या आतच भरते. हजार किलोंचा गारवा अर्ध्या किलोत! अर्थात थर्माकोल उघडा टाकून चालत नाही. उन्हाने तो झिजतो आणि आगीलाही कच्चा. स्लॅबवर घट्ट प्रतीचा थर, त्यावर जाळी आणि पातळ काँक्रीट, अशी रीत. त्या पातळ काँक्रीटचे वजन धरूनही आपण जुन्या माळवदापासून कितीतरी लांब राहतो.

मग नियम कुठे अडतो? २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांसाठी आहे. आपल्या भाषेत जवळजवळ पाच गुंठे. गावठाणात पाच गुंठ्यांचे घर कुणाचे असते? २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणल्या, पण उंबरठा १०० किलोवॉट वीजभार किंवा १२० केव्हीए मागणीचा. राज्याला तो खाली आणता येतो. एक पंखा, दोन बल्ब आणि कूलरच्या घरापर्यंत मात्र तो कधीच पोहोचणार नाही. डिसेंबर २०२० पासून नगरपंचायतींना लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीतही १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची कटकट काढून टाकली आहे. लोकांना ते सोयीचे, पण ज्या टेबलावर छताचा आकडा तपासायचा, ते टेबलच तिथे नाही.

म्हणून मला वाटते, छोट्या घरांचा नियम परवानगीच्या वाटेने न्यायच्या भानगडीतच पडू नये. भूकंपानंतरचा अनुभव दुसरी वाट दाखवतो. लिंटेल पातळीवर घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा तेव्हा नवलाईचा होता. आज लातूरकडच्या गवंड्याला तो सांगावा लागत नाही. लिंटेलचा पट्टा गाळून खाली आलेले घर त्याच्या पिढीने ऐकलेले-पाहिलेले आहे. नुसत्या सरकारी आदेशाने ही सवय लागली नाही. 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घरमालकाला मदतीचा हप्ता कशासाठी, दुरुस्तीत काय करायचे, हे त्या दारोदार सांगत. इंजिनिअर नकाशा देई, पण गवंड्याच्या मागे उभी राहून पट्टा टाकून घेणारी घरची बाई असे.

आज तशी साखळी घरकुलाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या लाभार्थ्याला एक लाख वीस हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचे, आणि पैसा टप्प्याटप्प्याने, जागेवरचा फोटो चढल्यावर. म्हणजे तपासणीची जागा आधीच तयार आहे. छताचा फोटो घेतानाच माथा ऊन परतवणारा, म्हणजे पांढरा आहे का, एवढे पाहिले तरी संहितेचा अर्धा आत्मा गावात येईल. एका ओळीच्या शासन आदेशाचे काम आहे ते. उष्णतारोधक थराचा खर्च लाभार्थ्याच्या माथी मारू नये. तो अनुदानात धरावा.

खिडक्यांचे तसेच. उष्ण-कोरड्या हवामानात उघडता येणारी जागा फरशीच्या किमान दहा टक्के हवी, असे संहिता म्हणते. दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट, म्हणजे अडीच बाय चारची एक खिडकी. हल्ली हौसेने बसवतात ती अॅल्युमिनियमची स्लायडिंग मात्र अर्धीच उघडते. तिथे पाच बाय चारची लागेल. पल्ल्याची लाकडी खिडकी या हिशेबात दुप्पट कामाची.

शेजारी पाहायचे तर नांदेडच्या हद्दीपलीकडे तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले. सरकारी आणि व्यापारी इमारतींबरोबर ६०० चौरस यार्डांवरच्या घरांनाही ते बंधनकारक आहे. उंबरठा तिथेही मोठ्या प्लॉटचाच, पण निदान छत हा धोरणाचा विषय झाला.

आदेश येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांची घरे झाली आहेत त्यांच्यासाठी थोडे. गळती आणि ऊन, दोन्हींवर एकच औषध म्हणून जुन्या स्लॅबवर विटांचा कोबा घालायची पद्धत आहे. चार इंच कोब्याने यू-मूल्य साडेतीनवरून अडीचच्या थोडे खाली येते, पण चौरस मीटरला दोनशेच्या आसपास किलोंची भर पडते. ज्या जिल्ह्यात छताच्या वजनाने माणसे मेली, तिथे इंजिनिअरला न विचारता हे करू नये. त्यापेक्षा चुना स्वस्त. वरच्या ढोबळ हिशेबातल्या हजार वॉटचे नुसत्या पांढऱ्या माथ्याने साडेपाचशे होतात, थर्माकोलच्या थरावर पांढरा माथा केला तर दोनशेच्या आत. स्लॅब झाडून, धुऊन, गाळलेल्या चुन्यात थोडा डिंक घालून दोन हात मारायचे, तेही होळीच्या सुमारास. मिरगाच्या पावसात बराचसा धुऊन जातो, पण तोवर उन्हाळा सरलेला असतो.