खेळण्यांच्या रंगातील शिसे

लहान मूल हाती येईल ती वस्तू तोंडात घालते. जगाची ओळख करून घेण्याची ती त्याची स्वाभाविक रीत होय. परंतु त्या वस्तूच्या रंगात शिसे असेल, तर हीच रीत त्याला घातक ठरते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली हा धोका दाखवून दिला. तेथील घरांच्या कठड्यांना शिसेयुक्त रंग दिलेला असे. उन्हाने त्याची भुकटी होई, ती मुलांच्या बोटांना लागे व पोटात जाई.

शिसे कॅल्शियमची जागा घेते; म्हणून शरीर त्याला हाडांत साठवून ठेवते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट अंश शोषून घेते. वाढत्या मेंदूला त्यामुळे होणारी इजा भरून निघत नाही. मूल वरकरणी निरोगी दिसते. परंतु त्याची ग्रहणशक्ती व एकाग्रता मंदावते. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक ठरलेले नाही.

घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला. पण नियमाने जुना रंग नाहीसा होत नाही. म्हणून पोपडे सुटलेले जुने खेळणे धाकट्या भावंडास देऊ नये. नवे घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहावे. जेवणापूर्वी मुलांचे हात धुवावेत आणि आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असावे. त्यांच्या अभावी शिसे अधिक शोषले जाते.