तर्काचे गणित (लेखांक पाचवा) : ऑगस्टस डी मॉर्गन आणि देवगिरीचे बीजगणित

मागील लेखांकात जॉर्ज बूल यांच्या 1847 मधील छोटेखानी ग्रंथाचा परिचय करून देण्यात आला. त्याच वर्षी, जवळजवळ त्याच सुमारास, ऑगस्टस डी मॉर्गन यांचा ‘फॉर्मल लॉजिक’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि अ‍ॅरिस्टॉटलपासून फारसे न बदललेले तर्कशास्त्र गणिताच्या चिन्हांत मांडता येईल का, या प्रश्नाला दोन स्वतंत्र वाटांनी उत्तर मिळू लागले. आज डी मॉर्गन यांचे नाव विद्यार्थ्यांना संचांच्या पाठात किंवा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात दोन नियमांच्या रूपाने भेटते आणि तेथेच संपते. त्यांच्या कार्याचा मोठा भाग त्या नियमांच्या पलीकडे आहे, आणि त्यातील एक धागा मराठवाड्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

डी मॉर्गन यांचा जन्म 27 जून 1806 रोजी मदुराई येथे झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी होते. जन्मानंतर थोड्याच काळात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि सात महिन्यांचे असताना कुटुंबाबरोबर ते इंग्लंडला गेले. भारतात त्यानंतर ते कधीही आले नाहीत. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातून 1827 मध्ये गणिताच्या परीक्षेत ते चौथे आले, परंतु पुढील पदवीसाठी आवश्यक असलेल्या धर्ममताच्या प्रतिज्ञेवर सही करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे केंब्रिजमधील अध्यापकपदाची वाट बंद झाली. अशी कोणतीही अट न घालणाऱ्या नव्या लंडन विद्यापीठात, म्हणजे पुढील युनिव्हर्सिटी कॉलेजात, 1828 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, ते गणिताचे प्राध्यापक झाले. या पदाचा त्यांनी दोनदा राजीनामा दिला आणि दोन्ही वेळा कारण तत्त्वाचे होते: 1831 मध्ये एका सहकारी प्राध्यापकाला ज्या रीतीने काढून टाकण्यात आले ती त्यांना मान्य नव्हती, आणि 1866 मध्ये जेम्स मार्टिनो यांना त्यांच्या धर्ममतामुळे प्राध्यापकपद नाकारण्यात आल्याने संस्थेने आपले मूळ वचन मोडले, असे त्यांचे मत झाले. त्यांच्या तर्कशास्त्राकडे पाहताना हा स्वभाव ध्यानात ठेवणे उपयोगी पडते, कारण विधान कोणी केले याला महत्त्व न देता त्यातून काय निष्पन्न होते एवढेच पाहणे, ही त्यांच्या विचाराची आणि वर्तनाची एकच रीत होती.

त्यांच्या नावाने ओळखले जाणारे दोन नियम जोडविधानांच्या निषेधाविषयी आहेत. ‘संभाजीनगरात चांगला पाऊस झाला आणि जायकवाडी भरले’ हे विधान खोटे आहे असे म्हटल्यास, पाऊसही झाला नाही आणि धरणही भरले नाही असा अर्थ निघत नाही. ‘पाऊस झाला नाही किंवा धरण भरले नाही’, म्हणजे दोहोंपैकी निदान एक गोष्ट घडली नाही, एवढाच अर्थ निघतो. (शहर कोरडे असूनही नाशिककडच्या पावसाने धरण भरल्याचा अनुभव येथील वाचकांना आहे.) दुसरा नियम याचाच जोडीदार आहे: ‘हे किंवा ते’ याचा निषेध म्हणजे ‘हेही नाही आणि तेही नाही’. शब्दांच्या रूपात हे नियम युरोपातील मध्ययुगीन तर्कशास्त्रज्ञांनाही माहीत होते. डी मॉर्गन यांनी त्यांना चिन्हांच्या व्यवस्थेत स्थान दिले आणि त्यामुळेच पुढे विद्युतमंडलांच्या रचनेत ते वापरता आले.

याहून त्यांची दुसरी भर अधिक मौलिक होती. दोन विधानांवरून तिसरे काढण्याच्या पारंपरिक पद्धतीला संवाक्य म्हणतात, आणि तिच्यात ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘कोणीही नाही’ एवढीच परिमाणे चालत असत. डी मॉर्गन यांनी तेथे संख्या आणली. एखाद्या वसतिगृहात 100 विद्यार्थी असून त्यांपैकी 70 जणांना मराठी आणि 60 जणांना उर्दू वाचता येत असेल, तर दोन्ही लिपी वाचणारे किमान 30 असलेच पाहिजेत, हा निष्कर्ष कोणाचीही विचारपूस न करता मिळतो. जुन्या संवाक्यांच्या यादीत मात्र त्याला जागाच नव्हती. विधेयालाही, म्हणजे विधानात उद्देशाविषयी जे सांगितले जाते त्यालाही, असे परिमाण देण्याच्या प्रश्नावरून एडिंबरोचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांनी त्यांच्यावर कल्पना उचलल्याचा आरोप केला आणि तो वाद बराच काळ चालला. त्या वादाचे आजचे महत्त्व एवढेच, की तो वाचून बूल पुन्हा तर्कशास्त्राकडे वळले.

डी मॉर्गन यांचे सर्वश्रेष्ठ कार्य 1860 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संबंधांच्या तर्कशास्त्राच्या निबंधात आहे. ‘मनुष्य हा प्राणी आहे, म्हणून मनुष्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे’ हा निष्कर्ष कोणालाही पटतो, तरीही अ‍ॅरिस्टॉटलच्या पद्धतीने तो सिद्ध करता येत नाही, कारण त्या पद्धतीला ‘आहे’ याखेरीज दुसरा संबंध ओळखीचा नाही. ‘अ हा ब चा भाऊ आणि ब हा क चा पिता, म्हणून अ हा क चा चुलता’ या विचारात दोन संबंध जोडून तिसरा तयार होतो, आणि अशा जोडणीचे नियम काय, उलट संबंध कोणता, एखादा संबंध साखळीसारखा पुढे कधी नेता येतो, हे प्रश्न त्यांनी प्रथम पद्धतशीरपणे मांडले. अमेरिकेतील चार्ल्स पर्स यांनी पुढे हेच कार्य विस्तारले, आणि आधुनिक तर्कशास्त्राचे एक मूळ येथे आहे. केवळ दोन नियमांपुरती त्यांची ओळख ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शिक्षक आणि लेखक म्हणून त्यांचा आवाका मोठा होता. ‘पेनी सायक्लोपीडिया’साठी त्यांनी सातशेहून अधिक नोंदी लिहिल्या आणि 1838 मधील अशाच एका नोंदीत ‘गणिती विगमन’ या पद्धतीला तिचे आजचे इंग्रजी नाव दिले. कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो का, हा एका विद्यार्थ्याने आणलेला प्रश्न त्यांनी 1852 मध्ये गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांना पत्राने कळवला. त्याचे उत्तर 1976 मध्ये संगणकाच्या साहाय्याने मिळाले. त्यांचे बीजगणितावरील पाठ्यपुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठीत आले. हे काम मुंबई इलाख्यात शालेय पुस्तकांची घडी बसवणाऱ्या जॉर्ज रिट्सो जर्व्हिस यांनी गंगाधरशास्त्री फडके आदी पंडितांच्या मदतीने केले, आणि त्यामुळे या इंग्रज लेखकाच्या गणिताची ओळख त्यांच्या हयातीतच मराठी मुलांना झाली.

उलट दिशेचा प्रवास अधिक महत्त्वाचा आहे. दिल्ली कॉलेजातील शिक्षक रामचंद्र यांनी 1850 मध्ये कलकत्त्यात एक इंग्रजी ग्रंथ छापला. एखाद्या राशीचे सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान मूल्य शोधण्यासाठी युरोपात कलनगणित, म्हणजे सूक्ष्म बदलांचे गणित, वापरले जात असे. रामचंद्रांनी तेच उत्तर केवळ वर्गसमीकरणांतून काढून दाखवले. उदाहरणार्थ, 10 चे असे दोन भाग करावयाचे आहेत की त्यांचा गुणाकार सर्वाधिक असावा. एक भाग क्ष आणि गुणाकार प मानल्यास क्ष चा वर्ग वजा 10 क्ष अधिक प बरोबर शून्य असे समीकरण मिळते. त्याची उत्तरे वास्तव संख्या असण्यासाठी प हा 25 पेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून सर्वाधिक गुणाकार 25 आणि दोन्ही भाग 5. ग्रंथ डी मॉर्गन यांच्या हाती आला तेव्हा त्यांनी कंपनीच्या संचालकांकडे पाठपुरावा केला आणि 1859 मध्ये तो लंडनमध्ये स्वतःच्या विस्तृत प्रस्तावनेसह पुन्हा छापवून घेतला.

त्या प्रस्तावनेत ग्रीकांची भूमिती आणि भारतीयांचे बीजगणित अशा दोन स्वतंत्र प्रतिभा त्यांनी मानल्या. भारतात केवळ तयार युरोपीय विद्या ओतण्यापेक्षा येथील बुद्धीला तिच्या स्वतःच्या वळणाने पुन्हा जागे करावे, असा आग्रहही त्यांनी धरला. ब्रिटिश सरकारच्या शिक्षणधोरणाच्या काळात ही भूमिका धाडसाची होती. तिचा आधार भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ होता, ज्याचे कोलब्रुक यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1817 पासून उपलब्ध होते.

भास्कराचार्यांच्या याच ग्रंथापाशी धागा यादवांच्या देवगिरीशी जुळतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेल्यावर डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे स्थान आहे, आणि तेथील शके 1128 च्या शिलालेखाचे वाचन डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्धीस आणले. त्यावरून असे कळते, की भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरी घेतले, नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघणाचे राजज्योतिषी होते, आणि चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला, ज्याला निकुंभ सामंतांनी उत्पन्न लावून दिले. लेखाचा दानाविषयीचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

भाऊ दाजींचे संशोधन 1860 नंतरच्या दशकात पुढे आले, म्हणजे डी मॉर्गन यांची प्रस्तावना छापली गेली तेव्हा हा पुरावा विद्वानांपुढे नव्हता. भारतीय बीजगणिताची प्रतिभा एकेकाळी तेजस्वी होती पण पुढे ती खुंटली, असे मानताना त्यांच्यापुढे ग्रंथ होते; ते ग्रंथ कोठे शिकवले जात, त्यासाठी कोणत्या गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते आणि कोणत्या घराण्याने ती परंपरा पिढ्यानपिढ्या चालवली, हे मात्र नव्हते. त्यामुळे त्यांचे निदान अर्धवट राहिले, जरी त्यांनी सुचवलेला उपाय योग्य दिशेचा होता. तो उपाय अंमलात आला नाही: 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे सुरू झाली, त्यांनी अभ्यासक्रम इंग्लंडच्या धर्तीवर आखले आणि रामचंद्रांची पद्धत अध्यापनात रुजली नाही. डी मॉर्गन 18 मार्च 1871 रोजी लंडनमध्ये वारले.

(पुढील लेखांकात डी मॉर्गन यांचे विद्यार्थी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स आणि त्यांचे तर्कयंत्र.)