विश्वास आणि हिशेब

श्रद्धा आणि हिशेब हे दोन शब्द एकत्र उच्चारले की पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. जेथे विश्वास आहे तेथे हिशेब कशाला मागावा, आणि जेथे हिशेब मागितला तेथे विश्वास उरला कोठे, असा सर्वसाधारण समज आहे. व्यवहारात मात्र आपण असे वागत नाही. भोपाळच्या उत्तर अंगास आमच्या करोंदमध्ये धान्याची मोठी मंडी आहे. शेतकरी गहू घेऊन येतो, लिलाव होतो, माल तोलला जातो आणि तोलाची पावती त्याच्या हाती पडते. व्यापाऱ्याशी कितीही जुना घरोबा असला तरी पावती घेतल्यावाचून शेतकरी परतत नाही, आणि त्यात व्यापाऱ्यालाही अपमान वाटत नाही. पावती मिळते म्हणूनच तर पुढच्या हंगामात तो निर्धास्तपणे त्याच दारी येतो. हिशेब हा विश्वासाचा शत्रू नव्हे, त्याचा रखवालदार आहे.

ख्रिस्ती श्रद्धेच्या बाबतीतही हेच खरे आहे. नव्या करारातील संत पेत्राच्या पहिल्या पत्रात असा उपदेश आहे, की तुमच्या ठायी जी आशा आहे तिचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा. पण ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्या. संत पौलाने यरुशलेम येथील गोरगरिबांसाठी निधी जमविला, तेव्हा ते द्रव्य एकट्याने नेण्याचे त्याने टाळले आणि मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे बरोबर घेतली. आपला व्यवहार देवाच्या दृष्टीने चोख असावाच, पण माणसांच्या दृष्टीनेही चोख दिसावा, हा त्याचा हेतू त्याने करिंथकरांस स्वच्छ कळविला. देव सर्व जाणतो, मग माणसांना कशाला सांगू, असे म्हणण्याची सवलत त्या थोर प्रेषिताने स्वतःस घेतली नाही.

हे तत्त्व मराठी भूमीवर कोणी आचरून दाखविले असा प्रश्न केल्यास पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम ओठांवर येते. त्या माझ्याप्रमाणे कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. परंतु आशा, विश्वास आणि उत्तरदायित्व या तिन्हींचा मेळ त्यांच्या चरित्रात जसा दिसतो, तसा फार थोड्यांच्या चरित्रात दिसतो.

प्रथम आशेकडे पाहू. रमाबाईंच्या वयाची वीस वर्षे भरण्यापूर्वीच दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. अशा अनुभवाने एखाद्याचे मन कायमचे कडू झाले असते. परंतु १८९६ साली मध्यप्रांतात, म्हणजे आजच्या आमच्या मध्यप्रदेशाच्या मोठ्या भागात, भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुण्याहून इकडे धावल्या. उपासमारीने खंगलेल्या आणि दुर्जनांच्या हाती सापडण्याचा धोका असलेल्या मुलींना व विधवांना त्यांनी गोळा केले आणि काही महिन्यांत सुमारे ३०० जणींना आसरा दिला. पुण्याजवळच्या केडगाव येथील मुक्ती सदन त्यांतूनच उभे राहिले. आशा म्हणजे पुढे सर्व ठीक होईल अशी समजूत नव्हे. परिस्थिती निराशाजनक आहे हे डोळ्यांनी दिसत असतानाही आपल्या वाट्याचे काम हाती घेणे, हीच आशा होय.

आता विश्वासाकडे वळू. १८८७ साली बॉस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने रमाबाईंच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले गेले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. दहा वर्षांनंतर काय, याचे उत्तर रमाबाईंनी ‘देव पाहून घेईल’ एवढेच दिले नाही. मुदत संपण्याच्या आधीच त्यांनी केडगावी जमीन घेऊन फळबाग लाविली, अशासाठी की तिच्या उत्पन्नावर संस्थेने स्वतःच्या पायांवर उभे राहावे. आणि मुदत संपताच १८९८ साली त्या स्वतः अमेरिकेस गेल्या आणि ज्यांनी पैसा दिला होता त्यांच्यासमोर दहा वर्षांच्या कामाचा वृत्तांत त्यांनी ठेविला. जुनी संस्था विसर्जित होऊन नवी स्थापन झाली ती त्यानंतर. प्रार्थनेवर त्यांची अढळ निष्ठा होती हे जगजाहीर आहे. परंतु प्रार्थना आणि जमाखर्चाची वही या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाही.

उत्तरदायित्वाची खरी कसोटी मात्र स्तुती करणाऱ्यांसमोर लागत नाही, टीका करणाऱ्यांसमोर लागते. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते. काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली पुण्यात वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सन्मान्य हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मी कोणावर सक्ती करीत नाही, पण माझ्या प्रार्थनेचे दारही लावून घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ती सर्वांना पटली नाही. जी मुलगी अन्नवस्त्रासाठी आपल्यावर अवलंबून आहे, तिचा धर्मविषयक निर्णय कितपत मोकळा असतो, हा टीकाकारांचा प्रश्न आजही टाकाऊ नाही. सेवा करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती संस्थेने तो स्वतःस पुनःपुन्हा विचारला पाहिजे. प्रश्न विचारणारा तो वैरी, असे मानू लागलो की उत्तरदायित्व संपते.

रमाबाईंनी हिशेब दिला तसा तो मागितलाही. वाँटेजच्या मठातील ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांनाही त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळविले, की माझ्या सद्सद्विवेकबुद्धीच्या जागी दुसऱ्याची आज्ञा मी बसविणार नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी दैना होत होती, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात जाहीर लिहिले. त्यांच्या आश्रयास असलेली एक मुलगी त्या व्यवस्थेत हरवली होती. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, तेव्हा गप्प बसावे, असा हिशेब त्यांनी केला नाही. सरकारने तक्रार फेटाळली. पण एका अनाथ मुलीचा जाब सत्तेला विचारला गेला, याची नोंद इतिहासात राहिली.

हे सारे मी केवळ इतिहास म्हणून सांगत नाही. करोंदच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर युनियन कार्बाइडचा तो कारखाना होता. २ व ३ डिसेंबर १९८४ यांमधल्या रात्री त्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मारली. त्यानंतर काही दिवसांतच मदर तेरेसा भोपाळला आल्या, रुग्णांच्या खाटांपाशी गेल्या आणि त्यांनी क्षमेचे आवाहन केले. त्यांचा कळवळा खरा होता. परंतु ज्यांनी माणसे गमावली त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, तोही तितकाच खरा होता: क्षमा कोणास करावी? अपराध कबूल कोणी केला आहे? भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरविले ते जून २०१० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, आणि शिक्षा झाली दोन वर्षांची.

क्षमा आणि हिशेब यांची येथे गल्लत होता कामा नये. आमच्या पंथात पापनिवेदनाचा संस्कार आहे. त्यात पश्चात्ताप हवा, कबुली हवी, आणि ज्याचे नुकसान केले त्याचे शक्य तितके भरून देणेही हवे. चोराने चोरलेली वस्तू घरी ठेवून घ्यावी आणि धर्मगुरूकडून क्षमा तेवढी न्यावी, अशी सोय तेथे नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपल्या मनातला द्वेष सोडू शकतो, आणि ते फार मोठे आहे; पण त्यामुळे अन्याय करणाऱ्याचे देणे फिटत नाही. न्याय मागणारा भोपाळचा माणूस क्षमेच्या विरुद्ध वागत नाही.

हा नियम बाहेरच्यांना लावायचा आणि घरच्यांना नाही, असे करता येत नाही. धर्मसेवकांकडून बालकांवर झालेले अत्याचार जगातील अनेक देशांत वर्षानुवर्षे झाकले गेले. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम घालून दिला, की अशा गोष्टींची वार्ता कळताच धर्मगुरूंनी व संन्याशांनी ती वरिष्ठांस कळविलीच पाहिजे आणि ती दडपणाऱ्या बिशपांचीही चौकशी झाली पाहिजे. संस्थेची लाज राखण्यासाठी धरलेले मौन म्हणजे श्रद्धा नव्हे, हे उशिरा का होईना लेखी मान्य झाले.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? शाळेच्या सहलीचा निधी असो, चर्चच्या सणाची वर्गणी असो, की भावाने विश्वासाने सोपविलेले आईच्या औषधपाण्याचे पैसे असोत, कोणी मागण्यापूर्वीच आपण हिशेब पुढे ठेवावा. दिलेला शब्द पाळता आला नाही तर तसे तोंडावर सांगावे. आपल्याला कोणी जाब विचारला तर रागावू नये, आणि दुबळ्याच्या वतीने जाब विचारण्याची वेळ आली तर भिऊ नये. परमेश्वरापुढे एक दिवस हिशेब द्यायचा आहे असे आपण ख्रिस्ती लोक मानतो. त्या हिशेबाची सवय शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर रोज थोडी थोडी लावून घेतली, तर शेवटच्या दिवशी वही उघडताना हात कापणार नाही.