गुडघ्याजवळची गाठ

शनिशिंगणापूरला शनी अमावास्येच्या दिवशी उघड्या चौथऱ्यावरच्या शिळेवर तेलाची धार थांबत नाही. साडेसातीची शेवटची अडीचकी पायांवर असते, अशी आपल्याकडची धारणा. त्यामुळे पाय धरला, गुडघा ठणकू लागला की नेवासे-राहुरीकडच्या घरांत शनीची आठवण निघणं स्वाभाविक आहे. देवाला वाहिलेल्या तेलाने कुणाचं काही बिघडत नाही. पण तेच तेल कोमट करून पोराच्या सुजलेल्या गुडघ्यावर चोळलं जातं, तिथे थांबायला हवं. ती सूज हाडातल्या गाठीची असेल, तर चोळण्याने आणि ओढून बसवण्याने गाठ दुखावते, आतलं पोखरलेलं हाड मोडू शकतं, आणि मोलाचे आठवडे निघून जातात.

मूळ हाडातच सुरू होणारा कर्करोग सगळ्या कर्करोगांत एक टक्काही नसतो. गावच्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात असा एखादाच रुग्ण भेटतो, म्हणून शंका येत नाही. शिवाय प्रत्येक घरात एक पडण्याची गोष्ट असतेच: कबड्डीत पडला, सायकलवरून घसरला. मुकामार ठरतो. खरं तर पडल्यामुळे गाठ होत नाही. पडल्यामुळे तिच्याकडे लक्ष जातं.

जाणता अस्थिरोगतज्ज्ञ आधी वय विचारतो, मग हाडाचा नेमका कोणता भाग ते पाहतो, मग दुखणं कसं आहे ते ऐकतो. एवढ्यावरच निदानाची दिशा बरीचशी ठरते. दहा ते वीस वर्षांचं मूल, मांडीच्या हाडाचं खालचं टोक किंवा नडगीचं वरचं, आणि आठवड्यागणिक वाढणारं दुखणं ही ऑस्टिओसार्कोमाची ओळख. उंची भराभर वाढण्याच्या वयात हाडांची सर्वाधिक वाढ गुडघ्याभोवतीच होते, आणि या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक गाठीही तिथेच होतात. अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये वर्णन केलेली गाठ साधारण त्याच वयात, पण पुष्कळदा हाडाच्या मधल्या दांड्यात किंवा कमरेच्या हाडात होते. तिच्यात ताप येतो, ईएसआर वाढतो, म्हणून हाडात पू झाला असं समजून अँटिबायोटिक्स चालू राहतात.

‘वाढीचं दुखणं’ वेगळं असतं. ते दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं, आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं, झोपेतून उठवून दिवसाही न सोडणारं दुखणं वाढीचं नसतं. मात्र रात्रीची प्रत्येक ठणक कर्करोगाची नसते, हेही सांगायला हवं. ऑस्टिओइड ऑस्टिओमा ही दीड सेंटिमीटरहूनही लहान, निरुपद्रवी गाठ रात्री फार छळते आणि साध्या वेदनाशामकाच्या गोळीने शांत होते. आता ती सुईतून उष्णता देऊन जाळता येते.

साध्या गाठींत सर्वांत जास्त दिसते ती ऑस्टिओकॉन्ड्रोमा. हाडाला फुटलेला कूर्चेच्या टोपीचा कोंब. तो सहसा दुखत नाही आणि वाढीचं वय संपलं की वाढायचा थांबतो. तिशी-चाळिशीत तो पुन्हा वाढू लागला तर मात्र तपासणी टाळू नये. जायंट सेल ट्यूमर साधारण विशी ते चाळिशीतला, सांध्याला अगदी लागून होणारा. तो बहुधा कर्करोग नसतो, तरी हाड पोखरतो आणि खरवडून काढल्यावर परत येऊ शकतो. पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियात त्याचं प्रमाण जास्त आढळतं. चाळिशीनंतर चित्र बदलतं. तेव्हा हाडातली घातक गाठ बहुतेकदा स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडमधून आलेली असते, नाहीतर मल्टिपल मायलोमा असतो.

साधा एक्सरे इथे बरंच काही सांगतो. सावकाश वाढणाऱ्या गाठीभोवती कड बांधायला हाडाला वेळ मिळतो. ती कड पांढरी आणि रेखीव दिसते. घातक गाठीला कड राहत नाही. हाडावरचं आवरण उचललं जातं, कधी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. दोन बाजूंनी काढलेला हा एक्सरे तालुक्याच्या गावीही होतो.

खरी चूक पुढे होते, तपासणीसाठी गाठीचा तुकडा (बायोप्सी) काढताना. सुई किंवा सुरी ज्या वाटेने गेली ती वाट नंतर गाठीसकट काढावी लागते. छेद भलत्या जागी गेला तर वाचू शकणारा पाय जातो. अमेरिकेत हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये ३२९ आणि १९९६ मध्ये ५९७ रुग्णांच्या तुकडा-तपासणीचा आढावा घेतला. दुसऱ्या आढाव्यात १८ जणांचा अवयव केवळ या तपासणीतल्या गोंधळामुळे कापावा लागल्याचं दिसलं. आणि अंतिम उपचार जिथे होणार तिथे तुकडा न काढता आधीच्या रुग्णालयात काढला तर गुंतागुंत दोन ते बारा पट. म्हणून एक्सरे संशयास्पद वाटला की ‘तुकडा इथेच काढू’ याला हो म्हणण्याआधी, पुढची शस्त्रक्रिया कोण करणार हे विचारलंच पाहिजे.

१९७० च्या दशकाआधी ऑस्टिओसार्कोमात पाय कापूनही पाचांतले चार रुग्ण फुप्फुसांतल्या प्रसारामुळे दगावत. केमोथेरपीने ते बदललं. रोग पसरण्याआधी सापडला तर चांगल्या केंद्रात साठ-सत्तर टक्के रुग्ण वाचतात, बहुतेकांचा पायही. १९४१ मध्ये सुरू झालेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात काही रुग्णांचं रोगट हाड शस्त्रक्रियेत बाहेर काढून, गाठ साफ करून, किरणोत्साराने उरलेल्या कर्कपेशी मारून तेच पुन्हा जागेवर बसवतात.

केमोचे फेरे मात्र महिनोन्‌महिने, ठरल्या तारखांना घ्यावे लागतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची आणि सोबत्यांची राहण्याची सोय होते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांना मदत मिळते. तरीही ऊसतोडीच्या घरातलं मूल उपचारांतून गळतं. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते. आई मुलाला घेऊन परळला गेली की कोयता मोडतो. सोनईचा मुळा साखर कारखाना शिंगणापूरच्या शेजारीच आहे. अशा कारखान्यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच फडावरच्या मुलांची तपासणी करावी, लंगडणाऱ्या मुलाचा एक्सरे स्वखर्चाने काढावा, आणि आजारी मुलाच्या आईबापांच्या उचलीची फेड त्या हंगामापुरती पुढे ढकलावी.