हाडात लपलेले गिधाड

गिधाड सहसा शिकार करत नाही. मेलेली जनावरे खाऊन ते पोट भरते. जगातल्या बहुतेक खंडांत गिधाडे आढळतात. फक्त अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन खंडांत आज ती नाहीत. अंटार्क्टिकाचे समजण्यासारखे आहे, तिथे सगळीकडे बर्फच बर्फ! पण ऑस्ट्रेलियात तर कांगारूंचे कळप आहेत. मग तिथे गिधाड का नसावे?

१९०१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात वॉरबर्टन नदीजवळ एका मोठ्या पक्ष्याच्या पंखाचे फार जुने हाड सापडले. अशा प्राचीन अवशेषांना जीवाश्म म्हणतात. चार्ल्स डी व्हिस या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये त्याचे वर्णन लिहिले. ते नष्ट झालेल्या एका गरुडाचे हाड असावे, असे त्यांना वाटले. त्यात नवल नाही. ज्या देशात गिधाडच नाही, तिथे गिधाडाचे हाड मिळेल असे कोणाच्या मनात येईल?

पुढे दूरच्या गुहांतही या पक्ष्याची हाडे मिळाली. निरनिराळ्या शिकारी पक्ष्यांच्या हाडांशी त्यांची तुलना झाली. तेव्हा पायाच्या हाडाने खरी ओळख सांगितली. गरुड शिकार पायांनी पकडतो. धडपडणारा ससा नख्यांत आवळून धरायचा, तर पायाचे स्नायू बळकट हवेत. हे स्नायू जिथे जोडलेले असतात, तिथे हाडावर खुणा राहतात. गिधाडाचे अन्न पळून जात नाही! त्याचे काम चोचीने भागते. पायाचे स्नायू बेताचेच असतात. या हाडावरच्या खुणाही तशाच होत्या.

२०२२ साली एलेन मेथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पक्षी गिधाड असल्याचे जाहीर केले. त्याचे नाव ठेवले 'क्रिप्टोगिप्स', म्हणजे लपलेले गिधाड. शंभराहून अधिक वर्षे गरुडाच्या नावाखाली राहिलेल्या पक्ष्याला ते चांगलेच शोभते.

हे गिधाड जिवंत होते तेव्हा ऑस्ट्रेलियात डिप्रोटोडॉन नावाचा प्राणी होता. कांगारूसारखी पोटाला पिशवी, पण शरीर गेंड्याएवढे! असे एखादे जनावर मेले की गिधाडांची चंगळ होत असेल. सुमारे ४० ते ५० हजार वर्षांपूर्वी ही अवाढव्य जनावरे नाहीशी झाली. माणसामुळे की बदलत्या हवामानामुळे, यावर अजून वाद आहे. त्यांच्या पाठोपाठ गिधाडही उपासमारीने संपले असावे. गरुड मात्र लहान प्राण्यांची शिकार करून तगला. आता तिथे रस्त्याकडेला एखादा कांगारू मरून पडला, तर त्यावर गरुड आणि कावळेच उतरतात.